‘विक्रांत’: डेकच्या खालून

(स्मृति-व्याख्यानमालेत गुंफलेल्या दुसऱ्या पुष्पाचं लिखित रूप)



काल याच जागेवरून एक व्यासंगी प्राध्यापक बोलून गेले. आज तुमच्यासमोर नौदलातून आर्टिफिसर म्हणून, म्हणजे साध्या भाषेत जहाजावरचा कारागीर म्हणून, निवृत्त झालेला माणूस उभा आहे. संयोजक मला भेटायला आले तेव्हा म्हणाले, ‘तुम्ही विक्रांतवर होतात, तेव्हा युद्धाच्या आठवणी सांगा.’ मी तिथल्या तिथे सांगून टाकलं की बाबांनो, युद्ध मी पाहिलेलं नाही. १९७१ नंतर काही वर्षांनी मी भरती झालो, लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत इंजिनांचं शिक्षण घेतलं आणि पुढे विक्रांत या विमानवाहू नौकेच्या कॅटपल्टवर, म्हणजे विमान हवेत फेकणाऱ्या यंत्रावर, लागलो. मात्र ज्यांनी ते युद्ध जहाजाच्या पोटात बसून लढलं, त्यांच्याच हाताखाली मी काम शिकलो. त्यांनी सांगितलेलं आणि मी स्वतः केलेलं, एवढंच माझं भांडवल.

विमानवाहू नौकेचा इतिहास आपण वाचतो तो बहुतेक वैमानिकाच्या खुर्चीतून लिहिलेला असतो. तो खोटा नाही, पण निम्मा आहे. उरलेला निम्मा डेकच्या खाली घडला, तो कुणी फारसा लिहिला नाही, आणि ज्यांना तो ठाऊक आहे ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. आज त्या निम्म्याबद्दल बोलतो.

आधी जहाजाची कुंडली. १९४३ साली, ऐन महायुद्धात, इंग्लंडमध्ये टाइन नदीकाठी या जहाजाचं काम सुरू झालं. तेव्हा तिचं नाव ‘हर्क्युलिस’. २२ सप्टेंबर १९४५ला तिचा सांगाडा पाण्यात उतरला, तोवर युद्धच संपलं होतं. इंग्रजांना तिची गरज उरली नाही आणि काम अर्धवट सोडून देण्यात आलं. दहा-बारा वर्षं ती तशीच पडून होती. १९५७ साली भारताने ती विकत घेतली आणि बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ गोदीत, म्हणजे जिथे टायटॅनिक बांधली तिथेच, ती पुरी करून घेतली. ४ मार्च १९६१ला आपल्या तिथल्या उच्चायुक्त विजयालक्ष्मी पंडित यांच्या उपस्थितीत ती ‘विक्रांत’ झाली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईला आली. स्वागताला पंडित नेहरू हजर होते.

अर्धवट पडून राहिली हे एका अर्थी तिच्या पथ्यावरच पडलं. मधल्या काळात विमानवाहू नौकांच्या जगात तीन मोठे शोध लागले आणि तिन्ही इंग्रज नौदलाच्या माणसांनी लावले. मिचेल यांनी वाफेचा कॅटपल्ट केला. कॅम्बेल यांनी तिरपा डेक सुचवला. गुडहार्ट यांनी उतरणाऱ्या वैमानिकाला वाट दाखवणारा आरसा काढला. १९४५ सालीच ती पुरी झाली असती, तर जेट विमानांसाठी तिची पुन्हा मोडतोड करावी लागली असती. आपल्याकडे आली ती हे तिन्ही घेऊनच आली.

डेकवर विमान कसं चढतं-उतरतं, हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जहाज साधारण ७०० फूट लांब. त्यातला उड्डाणाला मिळणारा तुकडा फारच तोकडा. सी हॉकसारखं जेट एवढ्या जागेत स्वतःच्या बळावर उडू शकत नाही. म्हणून पुढच्या टोकाला कॅटपल्ट. त्याला आमचे चीफ, म्हणजे आमच्यातले वरिष्ठ कारागीर, सरळ गोफण म्हणायचे. डेकला एक लांब फट. फटीतून वर आलेला एक पोलादी आकडा, त्याला शटल म्हणतात. विमान फटीवर आणून उभं करायचं, तारेच्या जाड दोराने शटलला अडकवायचं, आणि मागून एका कडीने धरून ठेवायचं. वैमानिक इंजिन पूर्ण ताकदीवर नेतो, तरी ती कडी त्याला सोडत नाही. डेकवरच्या अधिकाऱ्याने हिरवा झेंडा खाली आणला की खाली आमच्याकडून वाफ सुटते, कडी तुटते आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत विमान समुद्रावर असतं.

उतरणं याहून अवघड. वैमानिक डावीकडून वळसा घेत येतो. त्याच्यासमोर चार हिरवे दिवे लागलेले असावे लागतात: तीन चाकांचे आणि चौथा शेपटीखालच्या हुकाचा. डेकच्या कडेला आरसा, आरशात प्रकाशाचा एक ठिपका, ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना हिरव्या दिव्यांची ओळ. ठिपका ओळीच्या वर दिसला तर तुम्ही उंचावर आहात, खाली दिसला तर धोक्यात आहात. ठिपका ओळीत धरून यायचं आणि डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी दोरांपैकी एक हुकाने पकडायचा. चाकं टेकली की वैमानिक इंजिन बंद करत नाही, उलट पूर्ण ताकदीवर नेतो. दोर हुकला तर तिरप्या डेकवरून सरळ पुढे उडून जाऊन पुन्हा वळसा घेता यावा म्हणून. १८ मे १९६१ रोजी सी हॉक घेऊन विक्रांतवर पहिल्यांदा असं उतरले ते लेफ्टनंट ताहिलियानी. पुढे ते नौदलप्रमुख झाले.

आता खाली चला.

कॅटपल्टच्या फटीखाली, डेकला लागून, शेजारी शेजारी दोन लांब सिलिंडर. त्यांत पिस्टन. बॉयलरमधून येणारी वाफ मोठ्या टाक्यांत साठवून ठेवलेली. विमानाचं वजन किती, डेकवर वारा किती, यावर वाफेचा दाब ठरतो. दाब कमी पडला तर विमान जहाजाच्या नाकासमोरच पाण्यात पडेल आणि मागून येणारं जहाज त्याच्यावर चढेल. दाब जास्त झाला तर विमानाचाच कणा मोडेल. धाव संपताना पिस्टनांना थांबवायचं काम पाणी करतं: पुढच्या टोकाला पाण्याने भरलेल्या नळकांड्यांत ते घुसतात आणि काही फुटांत थांबतात. त्या क्षणी होणारा ‘धाड्’ आवाज पुढच्या मेसमध्ये झोपलेल्या माणसाच्या हाडांत शिरतो. उड्डाणांच्या आधी सकाळी रिकामा शॉट मारून बघायचो, तेव्हा रात्रपाळी करून आडवे झालेले लोक आमचा मनापासून उद्धार करायचे.

ज्याने कॅटपल्ट चालवला त्या खालच्या माणसाने विमान उडताना पाहिलेलंच नसतं. आम्हाला दिसायचे दाबाचे काटे, पाइपांवरचं ॲस्बेस्टॉसचं वेष्टन आणि एकमेकांची घामेजलेली तोंडं. आवाज व्हायचा, जहाज हादरायचं आणि मग सगळ्यांचं लक्ष टेलिफोनकडे. वरून ‘गेलं’ असा निरोप आला की पुढच्याची तयारी. नौदल सोडून गावी गेलेल्या आमच्या एका सहकाऱ्याने नातवाला सांगितलं की आम्ही विमानं उडवायचो. नातवाने विचारलं, ‘आजोबा, कशी दिसायची?’ आजोबा म्हणाले, ‘बाळा, नौदल दिनाच्या चित्रात बघ.’

एक प्रसंग जवळून पाहिलेला सांगतो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अलिझे विमान शटलला लावलेलं होतं. अलिझे म्हणजे पंख्याचं, तीन माणसांचं, पाणबुड्या शोधणारं फ्रेंच विमान. काटे बरोबर होते. वरून इशारा येण्याच्या बेतात असताना आमच्या चीफनी हात वर केला आणि टेलिफोनवर सांगितलं, ‘नॉट रेडी.’ वर पंखा गरगरतोय, तिघं जण पट्टे आवळून बसलेत, जहाज वाऱ्यात तोंड धरून चाललंय आणि खालून एक कारागीर सांगतोय थांबा. वरून चढ्या आवाजात विचारणा झाली. चीफ एवढंच म्हणाले, ‘साहेब, वाफ नीट बोलत नाहीये.’ शोधलं तेव्हा एका ड्रेनचा व्हॉल्व्ह पुरता बसलेला नव्हता. बारीक सूं आवाज येत होता, मला तो ऐकूही आला नव्हता. दुरुस्ती झाली, विमान गेलं, संध्याकाळी परतही आलं. त्या दिवसाच्या नोंदीत एक ओळ पडली असेल: उड्डाणास विलंब, तांत्रिक कारण. ते कारण म्हणजे चीफचा कान होता, आणि कानाची नोंद करायला वहीत रकाना नसतो.

आता १९७१कडे येऊ. पण त्याची सुरुवात १९६५ला होते. त्या वर्षीच्या पाकिस्तानविरुद्धच्या युद्धात विक्रांत मुंबईच्या सुक्या गोदीत दुरुस्तीला होती. युद्ध झालं आणि देशाची एकुलती एक विमानवाहू नौका त्यात नव्हती. जहाजावरच्या लोकांना हे फार लागलं होतं. बाजारात, ट्रेनमध्ये, गावी गणपतीला गेल्यावर लोक विचारायचे, तुमची बोट कुठे होती? त्याला उत्तर नसायचं.

आणि जून १९७०मध्ये पुन्हा तीच पाळी आली. बॉयलरच्या पाण्याच्या ड्रमना आतून बारीक तडे गेल्याचं आढळलं. वेल्डिंगने सांधता येतील असे ते नव्हते. नवे ड्रम इंग्लंडहून मागवायचे होते, त्याला वेळ लागणार होता. बॉयलर पेटवू नयेत असा हुकूम निघाला. महिनोन् महिने जहाज मुंबईत थंड पडून राहिलं. तिकडे पूर्व बंगालात आग भडकत होती.

१९७१च्या मार्चमध्ये, नवे ड्रम न बसवताच, बॉयलर पुन्हा पेटवण्यात आले; पण कमी दाबावर. मर्यादा ठरली चौरस इंचाला ४०० पौंड. पुढे जाताना पंख्याचे फेरे मिनिटाला १२०च्या वर न्यायचे नाहीत. म्हणजे मुळात पंचवीस नॉटच्या आसपास धावू शकणारी नौका चौदा नॉटवर आली. तडे गेलेले ड्रम तसेच, आणि त्यांच्याशेजारी उभं राहून स्टोकर, म्हणजे बॉयलर सांभाळणारे खलाशी, पाळी करणार.

या चौदा नॉटचा अर्थ काय तो समजून घ्या. विमान उडताना आणि उतरताना जहाज वाऱ्याकडे तोंड करून धावतं. वाहता वारा आणि जहाजाचा वेग मिळून डेकवर जो वारा तयार होतो, त्याच्यावर विमान तरतं. बंगालच्या उपसागरात डिसेंबरात वारा मंद. वारा नाही, वेग नाही, आणि कॅटपल्टला लागणारी वाफ त्याच दुखऱ्या बॉयलरमधून घ्यायची. प्रत्येक उड्डाणाला हाताशी असायला हवी ती सूट आटलेली. म्हणजे विक्रांत युद्धात उतरणार की नाही, हा प्रश्न आधी बॉयलररूममध्ये सुटायचा होता. तो गोदीतल्या कामगारांनी, लोणावळ्यात शिकलेल्या कारागिरांनी आणि इंजिनिअर अधिकाऱ्यांनी सोडवला. आपल्याकडची कितीतरी माणसं तेव्हा मुंबईच्या नौदल गोदीत होती. लालबाग-परळच्या चाळीतून डबा घेऊन निघायची आणि या बॉयलरवर हात काळे करून परतायची. त्यांना पदक मिळालं नाही, ते मिळण्याची त्यांची अपेक्षाही नव्हती. पण ४ डिसेंबरच्या कहाणीत त्यांचा एक परिच्छेद असायला हवा, तो नसतो.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. विक्रांत बंगालच्या उपसागरात गेली. तिच्या मागावर पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी निघाली. पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी विक्रांत विशाखापट्टणमलाच आहे अशी हूल उठवून दिली आणि तिला अंदमानच्या बाजूला दडवून ठेवलं. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री गाझी विशाखापट्टणमसमोर बुडाली. ४ तारखेला सकाळी विक्रांतच्या सी हॉकनी कॉक्स बाझार गाठलं, मग चितगाव. पुढचे दिवस सी हॉक उजेडी आणि अलिझे अंधारी अशी पाळी लागली. कॅप्टन स्वराज प्रकाश यांना आणि सी हॉक स्क्वॉड्रनचे प्रमुख संतोषकुमार गुप्ता यांना महावीरचक्र मिळालं. नौदल दिन ४ डिसेंबरला असतो तो कराचीवरच्या मिसाइल बोटींच्या हल्ल्याच्या स्मरणार्थ. विक्रांतचा पहिला हल्लाही त्याच दिवसाचा.

विक्रांतसोबतच्या ताफ्यात आपला एक माणूस होता, त्यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. ‘कामोर्ता’ या युद्धनौकेचे कप्तान मनोहर प्रल्हाद आवटी. वीरचक्र मिळालेले. पुढे पश्चिम विभागाचे प्रमुख झाले आणि निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यात फलटणजवळ विंचुर्णीला राहिले. भारतीय माणसाने एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास त्यांचा. २०१८ साली ते गेले.

युद्धातून वाचलेल्या जुन्या खलाशांना मी विचारायचो, त्या दिवसांतलं काय आठवतं? मला वाटायचं ते बॉम्बबद्दल बोलतील. ते बोलायचे तापमानाबद्दल. बॉयलररूममध्ये लोखंडी शिडीचा कठडा उघड्या हाताने धरवत नसे. मिठाच्या गोळ्या. पाळी संपल्यावर डेकवर यायची परवानगी नसायची, तेव्हा पंख्याच्या झरोक्याखाली उभं राहून घेतलेली हवा. रेडिओवर लागलेल्या बातम्या. आपण काय केलं हे त्यांना आकाशवाणीवरून कळलं. एकाला आठवत होतं ते फक्त एका ड्रमकडे पाहत बसणं. त्याची ड्यूटीच ती होती.

इतिहासाचे अभ्यासक म्हणतील, म्हाताऱ्यांच्या आठवणींवर किती भिस्त ठेवायची? रास्त आहे. माणूस तारखा चुकवतो, दोन सफरी एकात मिसळतो, आपल्या कप्तानाच्या जागी दुसऱ्याला उभं करतो. तारीख, वेळ, विमानांची संख्या हे जहाजाच्या लॉगबुकातून घ्यावं. म्हाताऱ्याला विचारूच नये. पण लॉगबुकात वास नसतो. दाब कमी ठेवायचा हुकूम कागदावर आहे. तो हुकूम पाळताना स्टोकरने कोणता व्हॉल्व्ह कितपत फिरवला, कोणत्या आवाजाला दचकला आणि शेजारच्याला काय म्हणाला, हे कागदावर नाही. कागद जिथे मुका होतो तिथे माणसाला बोलतं करावं. उलट जिथे कागद बोलतो तिथे माणसाची उलटतपासणी घेऊन त्याला ओशाळवाणं करू नये.

गोव्याबद्दल थोडं. १९६१च्या डिसेंबरात गोवा मुक्त झालं तेव्हा नवी कोरी विक्रांत किनाऱ्यापासून दूर समुद्रात गस्त घालत होती. तिच्या विमानांना लढावं लागलं नाही. पण गोव्याने नौदलाला घर दिलं. पोर्तुगीजांनी बांधलेला दाबोळीचा विमानतळ १९६२ला नौदलाकडे आला आणि १९६४ला तमिळनाडूतल्या सुलूरहून आयएनएस हंसा हा नौदलाचा हवाई तळ तिथे हलला. तेव्हापासून विमानवाहू नौकेच्या वैमानिकाचं माहेर दाबोळी. आज तुम्ही सुट्टीला गोव्यात उतरता तेव्हा त्याच धावपट्टीवर उतरलेले असू शकता. जवळच बोगमाळोला नौदलाचं विमान संग्रहालय आहे, तिथे सी हॉक आणि अलिझे दोन्ही उभी आहेत. मुलांना घेऊन जा आणि विमानाच्या पोटाखाली वाकून हुक बघायला सांगा.

डिसेंबर १९८३मध्ये दाबोळीला पहिली सी हॅरिअर आली आणि काही दिवसांत विक्रांतवर उतरली. हॅरिअर जागच्या जागी उतरायचं. त्याला दोर नको, हुक नको. उडायलाही कॅटपल्ट नको. डेकच्या टोकाला चढण असली की पुरे. आम्ही खालच्या लोकांनी वर येऊन पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग आमच्यातला एक जण हळूच म्हणाला, ‘टाळ्या कसल्या वाजवताय? आपलं खातं बंद होणार आहे.’ तसंच झालं. २ एप्रिल १९८७ला अलिझे विक्रांतच्या डेकवरून शेवटचं उडालं. त्यानंतरच्या दुरुस्तीत कॅटपल्ट काढला गेला आणि तिथे स्की-जंप बसली. यंत्र जुनं होतं, त्याला भाग मिळत नव्हते, काढलं ते योग्यच केलं. पण त्या दिवशी आम्हाला येत असलेली एक आख्खी विद्या निकामी झाली. व्हॉल्व्ह नीट बसलाय की नाही हे कानाने ओळखणारा माणूस उद्या कुणाला काय शिकवणार?

३१ जानेवारी १९९७ला विक्रांत निवृत्त झाली. मुंबईत काही वर्षं तिचं तरतं संग्रहालय होतं. तुमच्यापैकी अनेक जण शाळेच्या सहलीत जाऊन आले असतील. पुढे तिला राखणं झेपेना. २०१४मध्ये ती भंगारात विकली गेली आणि मुंबईच्याच दारूखाना भागात तोडली गेली. मोटरसायकलच्या जाहिरातीत तिच्या पोलादाचं नाव आलं. अनेक जुने नौसैनिक त्यावर रागावले. मी नाही रागावलो. जहाजाचं आयुष्य असंच असतं, आणि रस्त्यावर धावणारं पोलाद गंजत पडलेल्या पोलादापेक्षा बरं. मला खंत वेगळी आहे. जहाज असताना एखाद्या जुन्या स्टोकरला बॉयलररूममध्ये उभं करून ‘इथे काय व्हायचं ते दाखवा’ असं विचारता आलं असतं, आणि त्याच्या हातापायांनी आपोआप दाखवलं असतं. ती जागाच आता नाही. जे काही आहे ते माणसांच्या डोक्यात आहे.

२ सप्टेंबर २०२२ला कोचीत नवी विक्रांत दाखल झाली. ही आपण स्वतः बांधलेली. तिच्यावर स्की-जंप आहे, म्हणजे कॅटपल्ट नाही. पण उतरणाऱ्या विमानाला धरणारे दोर परत आले आहेत. म्हणजे आमच्या जुन्या धंद्यातला निम्मा परत आला. आज तिथे दोरांवर काम करणारी पोरं वीस-बावीस वर्षांची असतील. त्यांची यंत्रं वेगळी, संगणक वेगळे. पण हुक दोरात अडकतो तेव्हा खाली काय ताण येतो, दोर कधी बदलायचा, घाईत कुणी ‘चालतंय’ म्हटलं तर ‘नाही’ कसं म्हणायचं, हे त्यांनाही शिकावंच लागतं. त्यांच्यासाठी तरी हे लिहून ठेवायला हवं.

म्हणून शेवटी विनंती आहे, आणि ती अगदी व्यवहाराची आहे. आपल्या तालुक्यात नौदलातून आणि गोदीतून निवृत्त झालेली माणसं घरोघरी आहेत. त्यांच्या मुलांनी, नातवांनी त्यांच्याजवळ बसावं. ‘युद्ध कसं होतं?’ हे विचारू नका, त्याला सगळे एकच उत्तर देतात. विचारा: तुमची पाळी किती वाजता सुरू व्हायची? तुम्ही कुठे उभे असायचात? उजव्या हाताला काय होतं, डाव्या हाताला काय? कशाचा आवाज आला की भीती वाटायची? काम कुणी शिकवलं? ते जे सांगतील ते त्यांच्याच बोलीत उतरवा, मालवणी असेल तर मालवणीत. शुद्ध करायला जाऊ नका. मोबाइलवर आवाज घेऊन ठेवा, पण कागदावरही लिहा, खाली नाव, हुद्दा, जहाज आणि साल घाला, आणि एक प्रत या ग्रंथालयात आणून द्या. ग्रंथालयाच्या अध्यक्षांशी माझं बोलणं झालं आहे. त्यासाठी एक कपाट मोकळं करून मिळणार आहे. पहिली वही माझी असेल, ती मी पुढच्या आठवड्यात आणून देतो. दुसरी तुमच्यापैकी कुणाची, ते बघू.